दम वाढला, पण आठशे मीटर मंदावले: सोलापुरातील एका धावपटूचे प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून धावपटू, प्रशिक्षक आणि महाविद्यालय यांची नावे दिलेली नाहीत. मोबाईलच्या चित्रणातून काढलेल्या वेळा सोडल्या तर त्याच्या सर्व वेळा हातघड्याळाच्या, म्हणजे हाताने चालू-बंद करायच्या स्टॉपवॉचच्या आहेत, म्हणून एकाच दशांशापर्यंत दिल्या आहेत.)

पार्श्वभूमी

धावपटू २० वर्षांचा. गाव मोहोळ तालुक्यात, शिक्षण सोलापुरात, मुक्काम वसतिगृहात. मुख्य स्पर्धा ८०० मीटर, जोडीला १५०० मीटर. फेब्रुवारीतल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याची ८०० मीटरची वेळ १:५८.४ आली. त्याच हंगामात १५०० मीटर ४:१७.० मध्ये आणि सरावातले ४०० मीटर ५२.१ सेकंदांत झाले होते. मातीच्या ट्रॅकवर, विशीच्या आत सुरुवात केलेल्या मुलासाठी या वेळा चांगल्याच म्हणायच्या.

त्या शर्यतीत शेवटच्या दोनशे मीटरला तो डोळ्यांदेखत बसला, म्हणजे एकदम मंदावला. मैदानावरच्या सगळ्यांचे एकमत झाले की पोराचा दम कमी पडतोय. सरांनी जूनपासून योजना बदलली. आठवड्याचे अंतर ४५ किलोमीटरवरून हळूहळू ८० वर नेले. रविवारी १८ ते २० किलोमीटर, बाकी दिवस सकाळी ८ ते १२ किलोमीटर सोप्या वेगाने, गुरुवारी २५ मिनिटांचा टेम्पो, म्हणजे जोरकस पण टिकवता येईल अशा एकसारख्या वेगाचे धावणे. दिवसात तेवढा वेळ उरेना, म्हणून आठवड्यातले दोन स्प्रिंट आणि वजनांचा व्यायाम बंद केला. पंढरीच्या वारीचा रस्ता पाहत वाढलेल्या माणसाला अंतराची भीती नसते, त्यामुळे पोराने कुरकुर न करता सगळे केले.

प्रगती मोजायला कूपर चाचणी वापरली जात होती. १२ मिनिटांत जास्तीत जास्त किती मीटर, ते मोजायचे. त्यातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागले की व्हीओटू मॅक्सचा अंदाज मिळतो, म्हणजे शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकते. जूनमध्ये ३५६० मीटर झाले, अंदाज ६८.३. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ३७४० मीटर, अंदाज ७२.३. वहीत हे दोन आकडे लाल शाईने गोल करून ठेवले होते.

अडचण

डिसेंबरच्या मध्यावर स्पर्धा झाली. १५०० मीटर ४:१४.४, म्हणजे मागच्यापेक्षा अडीच सेकंदांनी चांगले. दुसऱ्या दिवशी ८०० मीटर २:००.१. पहिली फेरी ५७.५, दुसरी ६२.६. सहा महिने घाम गाळून मुख्य स्पर्धेत पावणेदोन सेकंदांनी मागे.

शर्यतीनंतर तो सरांना म्हणाला, "सर, दम उरलाय अजून. पण पायच पळत नाहीत." त्या दिवशी मैदानावर जे जे बोलले गेले त्यातले सगळ्यात उपयोगाचे निदान हेच होते. त्याकडे लक्ष जायला मात्र दोन आठवडे लागले, कारण तोवर वहीतल्या ७२.३ वर सगळ्यांचा विश्वास होता. क्षमता वाढली म्हणजे वेळ सुधारलीच पाहिजे; सुधारली नाही म्हणजे पोराने डोके लावले नाही किंवा घाबरला, असा निष्कर्ष सोयीचा होता.

तो आकडा खरोखर काय सांगत होता

कूपर यांनी ही चाचणी १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या पुरुषांवर आधारून मांडली. ते मध्यम पल्ल्याचे सराव केलेले धावपटू नव्हते. सूत्रात ऑक्सिजन कुठेच मोजला जात नाही, मोजले जाते ते अंतर. चांगल्या धावपटूचे १२ मिनिटांचे अंतर तीन-चार गोष्टींनी वाढू शकते: ऑक्सिजन क्षमता, तिचा किती टक्के भाग तो बारा मिनिटे टिकवू शकतो, त्याच वेगाला कमी ऑक्सिजन लागणे म्हणजे धावण्याची काटकसर, आणि वेगाचे नियोजन. सूत्र हे सगळे एकाच आकड्यात कोंबते.

इथे आणखी दोन गोष्टी मिसळल्या होत्या.

पहिली, वजन. जूनमध्ये ६३.५ किलो, डिसेंबरमध्ये ६१. व्हीओटू मॅक्स दर किलोमागे मांडतात, तेव्हा वजन घटले की आकडा आपोआप फुगतो. अंदाज खरा धरून एकूण ऑक्सिजन काढला तर जूनमध्ये ६८.३ × ६३.५ म्हणजे मिनिटाला सुमारे ४.३४ लिटर, डिसेंबरमध्ये ७२.३ × ६१ म्हणजे ४.४१ लिटर. दर किलोमागे जवळपास ६ टक्के वाढ, लिटरमध्ये २ टक्क्यांहूनही कमी. वसतिगृहाच्या मेसचे जेवण तेच, धावणे जवळपास दुप्पट, वजनांचा व्यायाम बंद: घटलेले अडीच किलो नुसत्या चरबीचे नसणार हे मांड्या पाहूनही कळत होते.

दुसरी, हवा. जूनची चाचणी पहिल्या पावसानंतरच्या दमट सकाळी झाली, डिसेंबरची गारव्यात. सोलापुरात हा फरक किरकोळ नाही. उकाड्यात रक्ताचा काही भाग त्वचेकडे थंडाव्यासाठी वळतो, त्याच वेगाला नाडी जास्त चढते. नुसत्या थंडीनेही बारा मिनिटांत काही मीटर वाढतात. हे सगळे वजा केल्यावर 'इंजिन मोठे झाले' या दाव्यात फार दम उरत नव्हता. १५०० मीटरची वेळ सुधारली होती, तेव्हा थोडा फायदा नक्की झाला होता. पण तो समजला जात होता त्यापेक्षा बराच लहान होता.

आठशेला काय लागते

८०० मीटरमध्ये एकूण ऊर्जेपैकी साधारण ६० ते ६६ टक्के ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेतून येते; १५०० मध्ये हाच वाटा ७७ ते ८४ टक्क्यांच्या घरात जातो. ६० टक्के हा मोठा वाटा आहे, म्हणून पायाभूत धावणे टाळून चालत नाही. पण उरलेले ३५ ते ४० टक्के विनाऑक्सिजन यंत्रणेचे आहेत. शिवाय शर्यतीचा वेग व्हीओटू मॅक्स गाठणाऱ्या वेगाच्या बराच वर असतो, चांगल्या पुरुष धावपटूंमध्ये १५ ते २५ टक्क्यांनी. तो वरचा पट्टा कुठून आणायचा, हा आठशेचा खरा प्रश्न. तिथे धावपटूचा कमाल वेग मोजावा लागतो.

ऑक्सिजनवरचा कमाल वेग आणि निव्वळ कमाल वेग यांच्यातल्या अंतराला स्पीड रिझर्व्ह म्हणतात. आठशे मीटरचा वेग या पट्ट्यात कुठेतरी बसतो. पट्टा अरुंद झाला की तोच वेग त्यात वर सरकतो, म्हणजे लवकर महाग पडतो.

१५०० सुधारणे आणि ८०० बिघडणे हे दोन्ही एकाच वेळी का झाले, याचे उत्तर इथे आहे. पट्ट्याची खालची कड (ऑक्सिजनवरचा कमाल वेग) थोडी वर गेली, वरची कड (निव्वळ कमाल वेग) बरीच खाली आली. लांबच्या शर्यतीला खालच्या कडेचा उपयोग जास्त.

मोजणी

डिसेंबरअखेरीस आठवडाभर हलका सराव देऊन चार गोष्टी तपासल्या.

रक्त: हिमोग्लोबिन १४.६, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप) ३८. दोन्ही ठीक. फेरिटिन जोरदार सरावानंतर किंवा सर्दी-तापात खोटे वर दिसू शकते, म्हणून दोन हलक्या दिवसांनंतर सकाळी रक्त दिले. फेरिटिन तिशीच्या खाली असते तर आधी डॉक्टरांकडे जाणे आणि बाकी सगळे थांबवणे हाच मार्ग होता.

पाच मिनिटांची चाचणी: ट्रॅकवर एकट्याने, एकसारख्या वेगाने. १६८० मीटर झाले. ३०० सेकंदांनी भागून ५.६० मीटर प्रतिसेकंद. हा ऑक्सिजनवरच्या कमाल वेगाचा व्यवहार्य अंदाज. कूपरपेक्षा ही चाचणी इथे बरी, कारण बारा मिनिटांचे कंटाळवाणे नियोजन आड येत नाही.

चारशे मीटर: ५३.९. मागच्या फेब्रुवारीपेक्षा १.८ सेकंद मंद.

धावता ३० मीटर: ३० मीटर अंतर घेऊन वेग पकडायचा आणि पुढचे ३० मीटर मोजायचे. हातघड्याळाने हे मोजणे म्हणजे वेळ फुकट. ०.२ सेकंदांची चूक सहज होते, आणि साडेतीन सेकंदांत तेवढी चूक म्हणजे कमाल वेगात जवळपास अर्ध्या मीटरचा फरक. म्हणून मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचे चित्रण केले. मोबाईल तिपाईवर, लेनपासून ३० मीटर लांब, ३० मीटरच्या पट्ट्याच्या बरोबर मध्यासमोर, न हलवता. इथे एक चूक हमखास होते: खुणेच्या काठ्या लेनपासून मोबाईलच्या बाजूला काही मीटर पुढे लावल्या जातात, पण एकमेकींत अंतर ३० मीटरच ठेवले जाते. कॅमेरा तिरका बघतो, त्यामुळे धावपटू काठीच्या रेषेत दिसतो तेव्हा तो प्रत्यक्षात भलतीकडेच असतो. काठ्या मोबाईलपासून २० मीटरवर लावल्या तर मध्यापासून दोन्ही बाजूंना १५ नव्हे, १० मीटरवर रोवायच्या. मग काठी आणि कॅमेरा यांची रेषा लेनला बरोबर ० आणि ३० मीटरवर छेदते. छाती नव्हे, कंबर काठीच्या मागून गेली की फ्रेम मोजायची, कारण छाती पुढे झुकते.

तीन धावांमधली सर्वांत चांगली ३.६६ सेकंद, म्हणजे ८.२० मीटर प्रतिसेकंद.

आता हिशेब. पट्टा ८.२० वजा ५.६० म्हणजे २.६०. डिसेंबरच्या आठशेचा सरासरी वेग ६.६६, म्हणजे खालच्या कडेपासून १.०६ वर, पट्ट्याच्या सुमारे ४१ टक्क्यांवर. दुसरा हिशेब त्याहून सोपा: चारशे मीटर ५३.९ मध्ये धावणाऱ्याने पहिली फेरी ५७.५ मध्ये काढली, तेव्हा तो आपल्या चारशेच्या सर्वोत्तम वेगाच्या ९४ टक्क्यांवर होता. चारशेची जुनी वेळ ५२.१ असती तर तीच फेरी ९१ टक्क्यांवर पडली असती. तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात. दुसऱ्या फेरीचे ६२.६ त्यातूनच आले.

फेब्रुवारीतला धावता ३० मीटर कधी मोजलाच नव्हता, त्यामुळे आधीचा पट्टा किती होता हे थेट सांगता येत नाही. चारशेच्या वेळेवरून अंदाज तेवढा बांधता आला.

समोरचे पर्याय

*अंतर आणखी वाढवणे.* १०० किलोमीटरकडे जायचे. बाजूने मुद्दा होता, १५०० सुधारले आहे. बीडच्या अविनाश साबळे यांनी २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेजचे (अडथळ्यांच्या शर्यतीचे) रौप्य जिंकल्यापासून इकडच्या मैदानांवर जास्त किलोमीटरला मान आला आहे, आणि त्यात वावगे काही नाही. पण ती आठ मिनिटांची शर्यत आहे. दोन मिनिटांच्या शर्यतीला तोच तक्ता लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणे. हा पर्याय नाकारला.

*स्पर्धाच बदलणे.* १५०० आणि पुढे ५००० कडे वळायचे. हा पर्याय गंभीर होता. वय २०, ऑक्सिजनची बाजू सुधारते आहे, जिल्ह्यात १५०० मध्ये चुरस तुलनेने कमी. विरोधात एकच मुद्दा, पण वजनदार: कमाल वेग सहा महिन्यांत सरावाच्या चुकीने गेला होता, तो मुळातच नसल्याचा पुरावा नव्हता. ५२.१ चा चारशे त्याने नुकताच धावलेला होता. आधी तो परत येतो का ते पाहायचे, मग ठरवायचे.

*रिपिटेशनचा मारा.* आठवड्यातून तीन दिवस ३०० आणि ४०० मीटर जीव तोडून, कमी विश्रांतीने. मैदानावरचा आवडता उपाय. तीन आठवड्यांत वेळ सुधारतेही. पण कमाल वेग कमी असलेल्या धावपटूला पायांत आम्ल साचवणाऱ्या अशा सरावाने भाजून काढले, तर तो मंद वेगातच जास्त वेळ तग धरायला शिकतो; वरची कड तिथेच राहते. शिवाय उतरलेले वजन आणि पुरेसे नसलेले जेवण पाहता दुखापतीला आमंत्रण.

*कमाल वेग आणि ताकद परत आणणे, दम फक्त टिकवणे.* निवड याची झाली. आधार हा की अंतर बरेच घटवले तरी तीव्रता टिकवली तर ऑक्सिजन क्षमता बरेच आठवडे तग धरते. उलट कमाल वेग थकलेल्या पायांवर सुधारत नाही. म्हणून ८० किलोमीटर राखून त्यावर स्प्रिंट चढवण्याचा सरांचा पहिला विचार सोडून द्यावा लागला. त्यावर बरीच घासाघीस झाली. शेवटी ५५ वर तडजोड ठरली.

दहा आठवड्यांचा आराखडा

जानेवारीचा दुसरा आठवडा ते मार्चचा तिसरा. सुरुवातीच्या आठवड्यांत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेमुळे होम मैदानाचा परिसर गजबजलेला, नेहमीच्या वॉर्मअपची वाट बंद. त्यामुळे पहिले काम तुळजापूर रस्त्याकडच्या एका कच्च्या चढावर हलवले. ते पथ्यावरच पडले.

पहिले तीन आठवडे: सोमवारी चढावर ८ सेकंदांचे ६ ते ८ स्प्रिंट, प्रत्येकामध्ये चालत खाली येऊन एकूण अडीच मिनिटे विश्रांती. चढावर पाऊल आपोआप शरीराखाली पडते, वेग सपाटीपेक्षा कमी राहतो आणि मांडीच्या मागचा स्नायू टोकापर्यंत ताणला जात नाही. सहा महिने स्प्रिंट न केलेल्याला सुरुवात इथूनच करायची. बुधवारी सपाटीवर धावते ३० मीटर चार ते पाच, चार मिनिटे विश्रांतीने. शनिवारी १५०० च्या वेगाने ३०० मीटर सहा वेळा, ५०.५ ते ५१ सेकंदांत, दोन मिनिटे विश्रांती. गुरुवारचा टेम्पो २० मिनिटांचा केला. रविवारी १३ किलोमीटर. बाकी सोपे धावणे, शुक्रवारी सुट्टी.

वजने सोमवारी आणि बुधवारी धावण्यानंतर त्याच दिवशी, जेणेकरून सोपे दिवस खरोखर सोपे राहतील. हाफ स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन अर्ध्या बैठका) ५ चे ३ सेट, ४० किलोपासून सुरू करून दर आठवड्याला अडीच ते पाच किलो वाढ; रोमानियन डेडलिफ्ट (कंबरेतून वाकून वजन उचलणे) ६ चे ३; एका पायावर टाच उचलणे १० चे ३; घोट्यांवरच्या झटपट उड्या २० च्या ३. हे सगळे ३५ मिनिटांत आटपते. थकून पडेपर्यंत करायचे नाही.

चौथा ते सातवा आठवडा: बुधवारचे धावते ३० मीटर कायम. शनिवारी आलटून पालटून दोन सराव. एक, २०० मीटर पाच वेळा २७.५ ते २८ सेकंदांत, तीन मिनिटे विश्रांती. दुसरा, ३०० मीटर तीन वेळा ४३ सेकंदांत, सात मिनिटे विश्रांती. एखाद्या धावेत वेळ एका सेकंदाने घसरली की सराव तिथेच संपवायचा, ही अट लिहून ठेवली होती.

आठवा ते दहावा: ५०० मीटर ७३ सेकंदांत, सहा मिनिटांनी ३०० मीटर ४३ मध्ये; आठवड्यातून एकदाच. अंतर ४० किलोमीटरवर. शेवटच्या आठ दिवसांत वजने बंद, स्प्रिंट मात्र तीन-चार ठेवले.

जेवणात मोठा बदल केला नाही. सरावानंतर अर्ध्या तासात काहीतरी पोटात जाईल एवढी व्यवस्था झाली: दोन उकडलेली अंडी, केळी, घरून आलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मेसमध्ये रात्री एक वाटी डाळ जादा. दर सोमवारी सकाळी वजन.

मध्येच अडलेले दोन प्रसंग

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी तिसऱ्या धावेत उजव्या मांडीच्या मागे ओढ बसली. फाटले नव्हते, पण दुसऱ्या दिवशी वाकताना जाणवत होते. मागे वळून पाहता कारणे तीन. त्याच दिवशी पहिल्यांदा स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घातले होते. आदल्या दिवशीचे 'सोपे' ८ किलोमीटर मित्रांसोबत किलोमीटरला चार मिनिटांच्या वेगाने झाले होते. आणि थंडीत वॉर्मअप दहा मिनिटांत उरकला होता. सहा दिवस कमाल वेग बंद ठेवला. चढावरचे स्प्रिंट दुखले नाहीत म्हणून तीन चतुर्थांश जोराने चालू ठेवले. मग बुधवारचा वॉर्मअप २५ मिनिटांचा केला, त्यात ६० मीटरच्या चार वाढत्या धावा, आणि मंगळवारच्या वेगावर मर्यादा घातली: किलोमीटरला ४:५० पेक्षा जलद नको.

दुसरा प्रसंग निर्णयाच्या दृष्टीने जास्त अवघड होता. पाचव्या आठवड्यात सरांनी कूपर घेतली. ३६९० मीटर, अंदाज ७१.२. डिसेंबरपेक्षा ५० मीटर कमी. अंतर घटवल्याने दम गेला, असा सूर लगेच निघाला आणि रविवारचे १८ किलोमीटर परत आणण्याची तयारी झाली. त्या आठवड्यात वजन ६२.२ झाले होते, चाचणीच्या दोन दिवस आधी २०० मीटरचा कडक सराव होता आणि सकाळी वारा होता. निर्णय चार दिवस लांबवला. चौथ्या दिवशी ताज्या पायांनी पाच मिनिटांची चाचणी घेतली: १६८० मीटर, डिसेंबरएवढेच. त्याच आठवड्यात धावता ३० मीटर ३.५६. खालची कड हलली नव्हती, वरची सरकत होती. योजना तशीच ठेवली.

त्या चार दिवसांत घाई झाली असती तर बाकीचे सगळे आठवडे वाया गेले असते.

निकाल

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, ऊन चढायच्या आत सकाळी साडेसातला शर्यत. ८०० मीटर १:५७.४. पहिली फेरी ५७.६, दुसरी ५९.८. डिसेंबरपेक्षा २.७ सेकंद आणि त्याच्या जुन्या सर्वोत्तम वेळेपेक्षा एक सेकंद चांगले. हातघड्याळाची चूक दोन-तीन दशांशांची धरली तरी फरक उरतो.

त्या आठवड्यातल्या मोजण्या: धावता ३० मीटर ३.५०, म्हणजे ८.५७ मीटर प्रतिसेकंद. पाच मिनिटांत १६८५ मीटर, म्हणजे ५.६२. पट्टा २.६० वरून २.९५. शर्यतीचा वेग ६.८१, म्हणजे पट्ट्याच्या सुमारे ४० टक्क्यांवर. पट्ट्याचा जेवढा हिस्सा डिसेंबरमध्ये वापरला, जवळपास तेवढाच मार्चमध्येही. पट्टा रुंद झाल्याने तेवढ्याच हिश्श्यात वेग वाढला. चारशे मीटर ५२.३, त्यामुळे ५७.६ ची पहिली फेरी ९१ टक्क्यांवर आली. वजन ६२.६.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात १५०० मीटर ४:१४.१. डिसेंबरहून तीन दशांशांनी चांगले, म्हणजे व्यवहारात तेवढेच. उकाडा पाहता हे नुकसान म्हणता येत नाही, फायदाही म्हणता येत नाही.

एकाच धावपटूवरून नियम काढता येत नाही. तो दहा आठवड्यांनी मोठा झाला होता, शर्यतीत पुढे वेग धरणारा एक जण होता आणि जूनपासूनच्या लांब धावण्याचा काही भाग उशिरा पिकला असण्याचीही शक्यता आहे. तो पाया नसता तर दहा आठवड्यांत हे साधले असते का, हा प्रश्न सरांनी विचारला आणि तो रास्त आहे.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यात मोठी त्रुटी जूनमध्ये नाही, फेब्रुवारीत आहे. १:५८.४ च्या त्या शर्यतीच्या फेऱ्यांच्या वेळा कोणी घेतल्याच नव्हत्या. मार्चनंतर एका मित्राच्या मोबाईलमधले चित्रण सापडले. त्यातून पहिले २०० मीटर २६.६ मध्ये, पहिली फेरी ५६.२ आणि दुसरी ६२.२ निघाली. म्हणजे ५२.१ च्या धावपटूने पहिली फेरी चारशेच्या ९३ टक्क्यांवर काढली होती आणि सुरुवातीचे दोनशे तर त्याहूनही वर. आठशेत पहिली फेरी दुसरीपेक्षा जलद असणे नेहमीचेच. डेव्हिड रुदिशाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १:४०.९१ चा विश्वविक्रम केला तेव्हाही पहिली फेरी ४९.२८ ची आणि दुसरी ५१.६३ ची होती. फरक अडीच सेकंदांच्या आसपासचा. इथे तो सहा सेकंदांचा होता. शेवटच्या दोनशेत जे बसणे दिसले त्याचे कारण दम कमी असणे नव्हते, पहिले दोनशे जास्त जोरात जाणे होते. पहिली फेरी ५७.५ मध्ये काढण्याचा सराव दोन आठवडे केला असता तर कदाचित जूनची उलथापालथच लागली नसती.

जूनमध्ये अंतर वाढवायचेच होते, तर आठवड्याला एक स्प्रिंट सराव आणि एक वजनांचा दिवस राखणे पुरेसे होते. दोन्ही मिळून तास-सव्वा तासाचे काम. धावता ३० मीटर आणि चारशे दर सहा आठवड्यांनी मोजले असते तर घसरण सप्टेंबरमध्येच कळली असती. कूपर ठेवायला हरकत नाही, पण तिच्या शेजारी वजन, हवा, वारा आणि आदल्या दोन दिवसांचा सराव लिहिल्याशिवाय तो आकडा लाल शाईच्या लायकीचा नाही.

जानेवारीच्या आराखड्यातही एक गोष्ट चुकली. मंगळवारच्या सोप्या धावण्याची वेगमर्यादा पहिल्या दिवसापासून हवी होती. ती दुखल्यावर आली. वसतिगृहातली मुले एकत्र धावतात तेव्हा सोपे धावणे सोपे राहत नाही, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक असते आणि तक्त्यात मात्र कोणी लिहीत नाही.

स्पर्धा बदलण्याचा पर्याय अजून खुला आहे. पुढच्या हंगामासाठी जून ते सप्टेंबर ६५ किलोमीटरवर मर्यादा, बुधवारचे स्प्रिंट वर्षभर, आणि सप्टेंबरअखेर पुन्हा चारही मोजण्या असे ठरले आहे. तेव्हा धावता ३० मीटर ३.५० च्या आसपास अडला आणि पाच मिनिटांचे अंतर १७२० च्या पुढे गेले, तर मुख्य स्पर्धा १५०० करायची. उलट झाले तर ८०० वरच राहायचे आणि पहिले लक्ष्य चारशे मीटर ५१.५ चे.